शिखरावर लपवलेला डबा: जिओकॅशिंग म्हणजे काय आणि तो शोधायला डोंगरावर कसं जायचं?

आयर्लंडची राजधानी डब्लिनच्या दक्षिणेला, समुद्राला लागून ब्रे हेड नावाचा डोंगर आहे. उंची फक्त २४१ मीटर. आपल्याकडच्या माणसाला ही टेकडीच वाटेल. पण जून २००० मध्ये या डोंगरावर कुणीतरी एक डबा लपवला आणि त्याचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. 'युरोप्स फर्स्ट' या नावाने आणि जीसी४३ या क्रमांकाने तो ओळखला जातो. युरोपातला हा पहिला जिओकॅश. एका डब्यात सही करायला लोक आजही हा डोंगर चढतात.

आता अशी रील्स तुमच्याही फोनवर येत असतील. धुक्यातला डोंगर, हातात फोन, दगडाखालून निघालेला डबा, आत वही. बघितल्यावर दोन प्रश्न पडतात. हे नेमकं काय आहे? आणि बारामती-इंदापूरच्या, म्हणजे आपल्या कऱ्हाटी भागातल्या माणसाला हे करता येईल का?

दोन्हींची उत्तरं सविस्तर पाहू. कारण हा खेळ सोपा असला, तरी डोंगर सोपा नसतो. आणि आपल्याकडे बेवारस डबा ही गंमतीची गोष्ट समजली जात नाही.

जिओकॅशिंग म्हणजे नेमकं काय?

'जिओ' म्हणजे पृथ्वी आणि 'कॅश' म्हणजे लपवून ठेवलेला साठा. हा कॅश पैशांचा नाही. एक जण पाणी न शिरणारा डबा एखाद्या जागी लपवतो. त्यात एक छोटी वही ठेवतो. जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर नोंदवतो. बाकीचे जीपीएसच्या मदतीने तिथे पोचतात, डबा शोधतात, वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तिथेच, होता तसाच ठेवून देतात.

डब्यात कधी छोट्या वस्तू असतात. खेळणं, बिल्ला, नाणं. नियम असा की एक वस्तू घेतली, तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. खाण्याचे पदार्थ, दारू, चाकू, स्फोटकं यांना बंदी आहे.

डबे अनेक आकारांचे असतात. १०० मिलिलिटरपेक्षा लहान तो 'मायक्रो'. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी आठवते? तेवढा. १०० मिलिलिटर ते एक लिटर म्हणजे 'स्मॉल'. एक ते वीस लिटर म्हणजे 'रेग्युलर'. त्याहून मोठा तो 'लार्ज'.

प्रत्येक कॅशला १ ते ५ असे दोन आकडे दिलेले असतात. पहिला आकडा डबा शोधायला किती अवघड, याचा. दुसरा तिथवर पोचायला वाट किती अवघड, याचा. शिखरावरच्या कॅशसाठी दुसरा आकडा आधी बघायचा. तो ४ किंवा ५ असेल, तर चपलेवर जाण्याचा विचार सोडून द्या.

हा खेळ सुरू कसा झाला?

जीपीएस ही मूळची अमेरिकी लष्कराची यंत्रणा. सामान्य लोकांना मिळणाऱ्या सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड केलेली असायची, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने ही गडबड बंद केली. एका रात्रीत जगभरातले जीपीएस अचूक झाले.

३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर या संगणक क्षेत्रातल्या माणसाने ओरेगन राज्यात एक काळी बादली लपवली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. हा अचूकपणा खरा आहे का, ते त्याला तपासायचं होतं. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, गलोल आणि चक्क घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाही होता. काही दिवसांतच माइक टीग याने ती शोधून काढली. 'जिओकॅशिंग' हा शब्द मॅट स्टम याने त्याच महिन्यात सुचवला. सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिश याने या खेळाचं मुख्य संकेतस्थळ सुरू केलं. त्याच्या आडनावाचा आयर्लंडशी संबंध जोडू नका, तो निव्वळ योगायोग.

कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. १८५४ साली इंग्लंडच्या डार्टमूर माळरानावर जेम्स पेरट या वाटाड्याने एका दुर्गम ठिकाणी बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्याने आपलं कार्ड त्यात टाकायचं. 'लेटरबॉक्सिंग' नावाचा तो खेळ तिथे अजून चालतो.

आज जगभरात तीस लाखांहून जास्त जिओकॅश आहेत. २००८ मध्ये तर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातही एक कॅश पोचला.

आधी आकडे वाचायला शिका

या खेळात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो आकड्यांत. एकच जागा तीन पद्धतींनी लिहिता येते. बारामतीचं उदाहरण घेऊ.

नकाशाच्या ॲपमध्ये बारामतीचा अक्षांश साधारण १८.१५ असा दिसतो. ही दशांश पद्धत. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि मिनिटं लिहितात. एका अंशात ६० मिनिटं. म्हणून ०.१५ ला ६० ने गुणायचं, उत्तर येतं ९. म्हणजे बारामती आहे १८ अंश ०९ मिनिटांवर.

घाईत बरेच जण १८.१५ म्हणजे १८ अंश १५ मिनिटं समजतात. फरक फक्त सहा मिनिटांचा. पण अक्षांशाचं एक मिनिट जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर असतं. म्हणजे तुम्ही बारामतीच्या ११ किलोमीटर उत्तरेला जाऊन शोधत बसाल. माळावर हा घोटाळा झाला, तर दुपार वाया जाईल. डोंगरावर झाला, तर चुकीच्या कड्यावर पोचाल.

कॅशचे आकडे मिनिटाच्या तीन दशांश स्थळांपर्यंत दिलेले असतात. शेवटचा आकडा एकने बदलला, तर अक्षांशात जागा सुमारे १.८५ मीटरने सरकते. रेखांशाचं मिनिट मात्र सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्तापासून लांब जावं तसं ते आखडतं. बारामतीत ते सुमारे १.७६ किलोमीटर आहे, आयर्लंडमध्ये १.१ किलोमीटरच्या आसपास.

फोनला जागा कशी कळते? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेचा सिग्नल पाठवतात. सिग्नल यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढलं जातं. अचूक जागेसाठी किमान चार उपग्रह लागतात. मोकळ्या शिखरावर आकाश पूर्ण दिसतं, त्यामुळे काम सोपं होतं. पण कड्याच्या पायथ्याशी किंवा अरुंद घळीत सिग्नल दगडावर आपटून येतो आणि फोन तुम्हाला दहा-वीस मीटर इकडे-तिकडे दाखवतो. कड्याच्या काठावर वीस मीटर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आयर्लंडच्या शिखरावर जायचं तर?

आयर्लंडचं सर्वोच्च शिखर कॅरनटूहिल, उंची सुमारे १,०३९ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. आकडे बघून कुणालाही वाटेल, आयर्लंड सोपं. तसं नाही.

पहिलं कारण हवा. अटलांटिक महासागरावरून ढग थेट या डोंगरांवर येतात. पायथ्याशी ऊन आणि माथ्यावर दाट धुकं, हे तिथे नेहमीचं. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात भिजलेले कपडे आणि वारा. जुलै महिन्यातही माणूस गारठून आजारी पडू शकतो.

दुसरं कारण वाट. कॅरनटूहिलच्या नेहमीच्या वाटेवर 'डेव्हिल्स लॅडर' म्हणजे सैतानाची शिडी नावाची घळ आहे. नावात शिडी असली, तरी ती सुट्या दगडांची घसरण आहे. वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्याच्या डोक्यात येऊ शकतो.

तिसरं कारण जमीन. आयर्लंडमध्ये डोंगरावर कुठेही फिरण्याचा सरसकट हक्क नाही. बरेच डोंगर खासगी किंवा शेतकऱ्यांच्या सामायिक मालकीचे आहेत. लोकांना जाऊ दिलं जातं ते त्यांच्या सौजन्यामुळे. फाटक उघडलं तर लावायचं, मेंढ्यांच्या रानात कुत्रा न्यायचा नाही, दगडी बांध पाडायचा नाही. शेतकऱ्याच्या पोराला हे नवीन नाही.

वेळेचा अंदाज घेण्यासाठी १८९२ पासूनचा नेस्मिथचा नियम वापरतात. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा जाऊन-येऊन १२ किलोमीटर आणि ९०० मीटर चढ आहे. चालण्याचे सुमारे अडीच तास, चढाईचा दीड, म्हणजे चार तास. त्यात विश्रांती, खराब वाट आणि डबा शोधण्याचा वेळ मिळवला, की सहा तास सहज होतात.

आणखी एक गोष्ट. अनेक आयरिश माथ्यांवर दगडांच्या राशी दिसतात. त्यातल्या काही साध्या खुणा आहेत, तर काही हजारो वर्षं जुन्या कबरी. स्लायगो परगण्यातल्या नॉकनारे डोंगरावरची रास राणी मेव्हच्या नावाने ओळखली जाते. असे दगड हलवून डबा शोधणं म्हणजे आपल्या किल्ल्याच्या तटाचे चिरे उपसण्यासारखं आहे. तिथे कायदाही ते करू देत नाही.

माथ्यावर पोचलात, डबा कसा शोधायचा?

जीपीएस तुम्हाला दहाएक मीटरच्या घेऱ्यात आणून सोडतो. पुढचं काम डोळ्यांचं. म्हणून फोन खिशात ठेवा आणि आधी उभं राहून बघा. लपवणाऱ्याने कुठे ठेवला असता, असा विचार करा. निसर्गात न बसणारी रचना शोधा: एका ओळीत लावलेले दगड, खोबणीवर ठेवलेली चपटी कपार, कारण नसताना पडलेला लाकडाचा तुकडा.

कॅशच्या पानावर लपवणाऱ्याने सूचक ओळ दिलेली असते. आधी आलेल्यांच्या नोंदीही वाचा. शेवटच्या चार-पाच जणांना सापडला नसेल, तर डबा गहाळ झालेला असू शकतो. अशा डब्यासाठी अंधार पडेपर्यंत माथ्यावर थांबू नका.

पेनाबरोबर शिसपेन्सिल जवळ ठेवा. ओल्या कागदावर आणि थंडीत पेन चालत नाही. सापडला, तर नोंद करा. नाही सापडला, तर तीही नोंद करा. ती वाचून लपवणाऱ्याला डबा तपासायचं कळतं.

आपल्याकडे हा खेळ कुठे बसतो?

बारामती-इंदापूर हा माळरान, ऊस आणि कॅनॉलचा प्रदेश. उंच डोंगर इथे नाहीत. डोंगर हवा असेल, तर कऱ्हेच्या उगमाकडे, म्हणजे पुरंदर तालुक्यात वर जावं लागतं. कऱ्हा गराडे परिसरात उगम पावते, जेजुरीजवळच्या नाझरे धरणातून, मोरगाव आणि बारामतीवरून पुढे जाते आणि सोनगावजवळ नीरेला मिळते. तिच्या वरच्या खोऱ्यात पुरंदरचा किल्ला आहे, सोनोरीचा मल्हारगड आहे, जेजुरीचा गड आणि त्याच्या वर कडेपठार आहे.

ही ठिकाणं चढायला उत्तम. डबा लपवायला मात्र नाहीत. पुरंदरवर लष्कराचा वावर आहे, वर जाताना ओळखपत्र दाखवावं लागतं. जेजुरी गर्दीचं देवस्थान आहे. राज्यातले अनेक किल्ले आणि जुनी मंदिरं केंद्र किंवा राज्य संरक्षित स्मारकं आहेत. २०२५ मध्ये राजगड, शिवनेरी, लोहगड यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तटाच्या सांध्यात डबी खुपसणं हे तिथे खेळ म्हणून खपणार नाही.

माळरान मोकळं दिसतं म्हणून तेही मोकळं नाही. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी राखलेलं आहे. इंदापूरच्या कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा आणि लांडगे आहेत. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते. 'जीपीएस इकडेच दाखवतोय' हे कारण वनरक्षकाला पटणार नाही.

डबा लपवायचाय? आधी हे वाचा

१३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्यात जर्मन बेकरीत झालेला स्फोट एका बेवारस पिशवीतून झाला होता. तेव्हापासून पुणे जिल्ह्यातल्या माणसाला बेवारस वस्तू दिसली, की पहिला विचार तोच येतो आणि तो यायलाच हवा. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका जिओकॅशवर संशय आला. रस्ता रिकामा करून बॉम्बशोधक पथकाने तो डबा उडवून दिला.

म्हणून एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, धरण, पूल, मंदिर, शाळा, सरकारी कचेरी, लष्करी जागा यांच्या आसपास डबा लपवायचाच नाही. खेळाच्या नियमांनुसारही पुढच्या गोष्टी पाळाव्या लागतात:

- जागेच्या मालकाची परवानगी घ्यायची. शेत असेल तर शेतकऱ्याची.
- डबा जमिनीत पुरायचा नाही, झाडाला खिळा ठोकायचा नाही.
- दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर हवं.
- डबा पारदर्शक असला तर उत्तम. बाहेरून 'हा खेळाचा डबा आहे' असं मराठीत स्पष्ट लिहावं.
- डब्याची देखभाल तुम्हालाच करायची आहे. म्हणून सहलीला गेलेल्या ठिकाणी डबा सोडून येता येत नाही. आयर्लंड फिरायला गेलात, तर शोधा, लपवू नका.

नवा डबा संकेतस्थळावर दिसण्याआधी स्वयंसेवक तो तपासतात. पण ते जागेवर येत नाहीत. गावात उद्या गोंधळ झाला, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. स्वतःच्या रानातल्या बांधावर, घरच्यांना आणि शेजाऱ्याला सांगून लपवलेला डबा हा सगळ्यात बिनधोक.

डब्याशिवायही खेळता येतं

या खेळात 'अर्थकॅश' नावाचा एक प्रकार आहे. त्यात लपवलेलं काहीच नसतं. सांगितलेल्या जागी जायचं, तिथला खडक किंवा माती नीट बघायची आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. आपल्या भागाला हा प्रकार चपखल बसतो.

पुरंदरच्या कातळात वेगवेगळ्या लाव्हाचे थर एकावर एक दिसतात. दख्खनच्या पठाराचा हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मोरगावजवळ कऱ्हेच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं सापडली आहेत. त्या राखेच्या वयाबद्दल संशोधकांमध्ये मतभेद आहेत. गणपतीच्या दर्शनाला जाताना आपण रस्त्यात केवढा जुना काळ ओलांडतो, याची अनेकांना कल्पना नसते. अशा जागी बघायचं, फोटो घ्यायचा. उकरायचं नाही आणि दगड घरी आणायचा नाही.

दुसरा खेळ म्हणजे पूर्ण अंशांचे बिंदू गाठणं. जिथे पूर्णांक अक्षांश आणि पूर्णांक रेखांश एकमेकांना छेदतात, तिथे जाऊन फोटो काढण्याचा एक जागतिक उपक्रम १९९६ पासून चालू आहे. १८ अंश उत्तर आणि ७५ अंश पूर्व या रेषा इंदापूर शहराच्या दक्षिणेला, नीरेच्या खोऱ्यात छेदतात. तिथे डोंगर नाही, डबा नाही. पण फोनवर आकड्यांमागची सगळी शून्यं जुळवताना उसाच्या फडाच्या कडेने जी धावपळ होते, ती शिखराइतकीच मजेची. फक्त रान ज्याचं असेल त्याला विचारून आत शिरा.

निघण्याआधी

- घरी सांगून निघा: कुठे, कुणाबरोबर, किती वाजता परत. एकट्याने जाऊ नका.
- नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. माथ्यावर रेंज नसते. कागदावरही आकडे लिहून ठेवा.
- पॉवर बँक आणि टॉर्च न्या. थंडीत बॅटरी लवकर उतरते.
- कपारीत थेट हात घालू नका. आधी काठीने चाचपा. सह्याद्रीत दगडाखाली फुरसं, घोणस किंवा विंचू असू शकतो.
- कड्यावर आग्या मोहोळ दिसलं, तर आवाज, धूर आणि उग्र वासाचं अत्तर टाळा. मोहोळाखाली कॅश असेल, तर परत फिरा.
- साधा जीपीएस वापरायला अडचण नाही. पण उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं आणि सॅटेलाइट फोन भारतात परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांना हे आधीच कळवा.
- संकटात ११२ लावा. हा क्रमांक भारतात चालतो आणि आयर्लंडमध्येही.
- येताना वाटेतला थोडा कचरा घेऊन या. २००२ पासून ही जिओकॅशिंगची अधिकृत परंपरा आहे.

आणि परतीची वेळ आधी ठरवा. दुपारी दोन म्हटलं, तर दोन वाजता फिरायचं. डबा पन्नास पावलांवर असला तरी. तो वर्षानुवर्षं तिथेच असतो, पुढच्या वेळीही सापडेल. डोंगरावरचे बरेच अपघात उतरताना, थकलेल्या पायांनी आणि मावळत्या उजेडात होतात.